जत्रेच्या एका रात्रीत घडणारा कॉमेडी सिनेमा गावातच कसा करायचा

सात-आठ माणसं, एकच रात्र आणि सकाळपर्यंत सगळ्यांचे घोळ एकमेकांत अडकलेले, असा सिनेमा करायचा असेल तर सिंधुदुर्गातल्या जत्रेच्या रात्रीसारखी रात्र दुसरी नाय. कारण या रात्रीला स्वतःचं घड्याळ आहे. संध्याकाळी ओट्या भरायला रांग, मग पालखी, मग रात्रभर दशावतार म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य आणि पहाटे दहीहंडी, म्हणून तर आपल्याकडे दशावताराला दहीकालाच म्हणतात. कार्तिकापासून पुढे गावोगाव जत्रा असतात, त्यामुळे बघायला आणि टिपणं काढायला पण भरपूर मिळतं.

म्हणून पहिलं काम स्क्रिप्ट नाय, रात्र लिहायची. आपल्या गावात पालखी किती वाजता निघते, खाज्याची म्हणजे जत्रेतल्या गोड खाऊची दुकानं कधी भरात असतात, पेटीवाला कधी सूर लावतो, आधी गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, संकासूर हा आड दशावतार कधी संपतो आणि खरं आख्यान कधी सुरू होतं, हे सगळं वेळेसकट कागदावर उतरवा. मग त्याच कागदावर आडवं वेळ आणि उभं एकेक माणूस असा तक्ता करा. एकही चौकोन रिकामा ठेवू नका, माणूस पडद्यावर नसला तरी तो तेव्हा कुठेय हे माहीत पाहिजे. आमच्या सिनेमाच्या वेळी आम्ही हे केलं नव्हतं आणि एडिटला बसल्यावर कळलं की एक पात्र एकाच वेळी देवळात पण आहे आणि एसटी स्टँडवर पण.

माणसं निवडताना प्रत्येकाला एकच काम द्या आणि ते त्याच्यासाठी जिवाच्या मोलाचं असू दे. समजा एक आजी, तिला फक्त देवीची ओटी भरायचीय, नवसाची साडी पिशवीत. दशावतार कंपनीतला स्त्रीपार्टी म्हणजे बाईची भूमिका करणारा नट, त्याची पण साडी तसल्याच पिशवीत. मुंबईहून आलेला चाकरमानी, त्याला सकाळी कुडाळवरून गाडी पकडायचीय आणि आईला वाटतं त्याने आज एक मुलगी बघावी. बांधावरून बोलणं टाकलेले दोन चुलतभाऊ, यायला रिक्षा मात्र एकच मिळाली. खाजेवाला. त्याची मुलगी. आता त्याच रिक्षात बसलेल्या आजीच्या आणि नटाच्या पिशव्या बदलल्या की झालं, बाकीचं आपोआप जोडत जातं, कारण रिक्षा चुलतभावांची, पिशवी शोधायला धावणार चाकरमानी आणि स्त्रीपार्टी रंगमंचावर येणार आजीच्या नवसाच्या साडीत, आणि आजी बसलीय पहिल्या रांगेत.

इथे खरी मेख आहे. पिशव्या बदललेल्या प्रेक्षकांना आधीच दाखवा. लपवून ठेवलं तर एकदाच धक्का बसतो, दाखवलं तर त्या साडीची घडी उलगडेपर्यंत लोक खुर्चीत वळवळत बसतात आणि हसू तिथे आहे. कुठल्याही सीनला स्वतःला विचारा, कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला नाय. दोघांना सगळंच माहीत असेल तर तो सीन काढून टाका. आणि नटाला हसवायला लावू नका, आजीला ती साडी खरंच हवी असली पाहिजे, रडू येईल इतकी.

संवाद पाठ करून घेऊ नका असं माझं ठाम मत आहे. दशावतारी नट कुठे संहिता पाठ करतो? तोंड रंगवायला बसतानाच आख्यान ठरतं, कोण कधी येणार आणि प्रसंग कुठे संपवायचा एवढं बोलून घेतात आणि बाकी उभं राहून बोलतात. तसंच करा, सीनचा शेवट तेवढा पक्का सांगा. "खंय गेल्लंस रे मेल्या" हे वाक्य आजीच्या तोंडात ज्या वजनाने येतं ते लिहून येत नाय.

आता शूटिंग. खऱ्या जत्रेच्या रात्री फक्त गर्दी, दिवे, पालखी, दुकानं एवढंच घ्या, तेही देवस्थान कमिटीला आणि मानकऱ्यांना आधी विचारून, आणि नाटक चालू असताना मध्ये अजिबात घुसू नका. बाकीचे सीन नंतरच्या आठ-दहा रात्रींत तीसेक गाववाले घेऊन करा. कंपनीला बोलावलं तर त्यांची बिदागी ठरवून द्या, फुकट नको.

दहा रात्रींची एक रात्र दाखवायची म्हणजे आकाश आणि समुद्र दोन्ही फितूर होतात. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीचं पण तसंच. आम्ही किनाऱ्यावरचा एक सीन अर्धा घेतला आणि चार रात्रींनी त्याच वेळेला उरलेला घ्यायला गेलो तर वाळूच नव्हती, पाणी माडाच्या मुळाशी. तेव्हा किनाऱ्यावरचं सगळं एकाच रात्री संपवा, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून, आणि चंद्र एकदाच दाखवा. कपडे प्रत्येकाचे वेगळ्या ठळक रंगाचे, अंधारात माणूस शर्टावरून ओळखतात. खाज्याचा पुडा किती संपलाय त्याचा प्रत्येक शॉटनंतर फोटो काढून ठेवा.

मोबाईलवर करत असाल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नायतर दुकानांचे दिवे लुकलुकतात. एसीच्या गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, थोडा वेळ तसाच राहू दे. जनरेटर लांब, देवळाच्या भिंतीआड. सगळ्यात महत्त्वाचं, बोलण्याचे शॉट घेताना पेटी-पखवाज बंद ठेवा आणि ते आवाज नंतर जोडा, नायतर प्रत्येक कटला सूर उडी मारतो. पण नटांना सांगा की वाजतंय असं समजून मोठ्याने बोला, हे विसरतात आणि मग सगळं खोटं वाटतं. आणि प्रत्येक जागेचा नुसता आवाज दोन मिनिटं घ्या, रातकिडे, गाज, जे असेल ते.

शेवटचा दहीहंडीचा सीन पहाटेच्या उजेडातच घ्या. सूर्य वर यायच्या आधी जेमतेम वीस मिनिटं तो निळा उजेड मिळतो, म्हणून आदल्या दिवशी दुपारी त्याच जागेवर चार वेळा तालीम करा, हंड्या दोन जास्त बांधून ठेवा, आणि पाच वाजता सगळ्यांना चहा देऊन जागेवर उभं करा, आजीला मधोमध, ती साडी हातात घेऊन.