स्किझोफ्रेनिया: बरं वाटू लागल्यावर गोळ्या चालू कशा ठेवाव्यात

डिस्चार्ज कार्डावरची औषधं, मिलिग्रॅम आणि वेळा वहीत उतरवा. आठवड्याच्या खान्यांची डबी आणा. एवढी तयारी पुरते.

खरी कसोटी दोन-तीन महिन्यांनी. शुभार्थी (म्हणजे आजार असलेली व्यक्ती) नीट झोपतो, जेवतो आणि म्हणतो, "मी बरा आहे, गोळ्या कशाला?" शुभंकरांनाही, म्हणजे त्याची काळजी घेणाऱ्या घरच्यांनाही, तेच वाटतं. गोळी बंद केल्यावर कधी आठवडे, कधी महिने काहीच बिघडत नाही, म्हणून सगळे निर्धास्त होतात. मग झोप उडते आणि आजार उलटतो. पहिल्या झटक्यानंतरही औषध निदान वर्ष-दोन वर्षं लागतं. आजार पुन्हा उलटला असेल तर कितीतरी जास्त.

नातेवाईक हमखास सांगतात, चहात विरघळवून द्या. अजिबात देऊ नका. अर्धा कप टाकला की डोसही अर्धाच जातो. आणि ज्या दिवशी कपाच्या तळाशी पांढरा गाळ दिसेल, त्या दिवशी 'घरचे विष घालतात' या संशयाला तुम्हीच पुरावा दिलेला असेल. मग तो जेवणही नाकारतो.

"नको" का, ते विचारा. हात थरथरतात? उशी लाळेने भिजते? वजन वाढलंय? पाय स्वस्थ राहत नाहीत, सारख्या येरझारा चालतात? ही तगमग बऱ्याचदा औषधाची असते. आजार वाढला समजून जादा गोळी देणं ही घातक चूक. डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात. दिवसभर गुंगी असेल तर डोस रात्री घेता येईल का, विचारा. रोजचा वाद मिटत नसेल तर डेपो इंजेक्शनचा (एकदा घेतलं की काही आठवडे पुरतं) पर्याय त्याच्यासमोरच मांडा. फ्लुफेनाझिन या औषधाचं 2 ते 4 आठवड्यांनी घ्यावं लागतं.

"तुला आजार आहे" हे पटवत बसू नका. जाण नसणं हा आजाराचाच भाग आहे. "गोळीने झोप लागते, भीती कमी होते" एवढंच बोला. ते त्याला स्वतःला जाणवतं.

क्लोझापिन हे औषध चालू असेल तर पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासा. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी. सलग 48 तासांहून जास्त चुकलं तर जुना डोस परस्पर सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन. विडी-सिगारेट अचानक सोडली तरी कळवा, रक्तातलं औषध वाढतं.

पुनर्वसन एका कामापासून: सकाळी दूध आणणं. जमलं की दुसरं. टोमणे नकोत, घरातल्या सततच्या टीकेनेही आजार उलटतो.

अडलंच तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीतही.