जुन्या बंगल्याची कुंपणभिंत आणि लोखंडी कठडा : दुरुस्ती कशी करावी

बंगला वारसा यादीत असेल तर आधी महापालिकेची परवानगी काढा. मुंबईत 1995 च्या नियमावलीपासून हे बंधन आहे. काम पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात सुरू करा.

भिंत मालाड किंवा कुर्ल्याच्या खाणीतल्या दगडाची असेल तर सिमेंट अजिबात लावू नका. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडतं. त्या सिमेंटने बुजवल्या की ते दगडातून वाट काढतं, समुद्राकडचं मीठ दगडातच साकळतं आणि पापुद्रे सुटतात. सिमेंटच्या दर्जा हातोडी-छिन्नीनेच काढा. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. खोली दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिमी. एक भाग मुरलेला चुना, एक सुरकी (विटांची भुकटी), दोन धुतलेली रेती हे प्रमाण आधी हातभर जागेत लावून पाहा. दर्जा ओल्या करून भरा आणि आठवडाभर गोणपाट ओलं ठेवा, नाहीतर चुना भुसभुशीत होतो. पिंपळ वरून छाटून भागत नाही. मुळापाशी पोहोचायला दोन-चार दगड उतरवावे लागले तरी चालेल, नंबर टाकून उतरवा.

खरी मेख लोखंड दगडात शिरतं तिथे आहे. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून भिंतीचा वरचा दगड खुंटीपाशीच, म्हणजे गजाचं टोक दगडात रोवलंय तिथेच, चिरतो. खुंटीची खाच साफ करून तिच्यात पूर्वीसारखं वितळलेलं शिसंच ओता. खाच पूर्ण कोरडी हवी. थेंबभर पाणी असलं तरी वितळलेलं शिसं उसळून अंगावर येतं. थंड होताना शिसं आकसतं, तेव्हा ते ठोकून घट्ट बसवा.

कठड्यावरची भाल्यासारखी टोकं बहुधा बिडाची (ओतीव लोखंडाची), गज घडीव लोखंडाचे. बिडाला साधं वेल्डिंग केलं तर जोडाशेजारी नवी चीर जाते. त्यापेक्षा पट्टी लावून बोल्टने जोडा. हरवलेलं टोक ओतून घ्यायचं तर जुन्याचाच साचा वापरू नका. बीड थंड होताना साधारण शंभराला एक आकसतं आणि नवं टोक शेजाऱ्यांपेक्षा लहान दिसतं. साचा तेवढा मोठा करून घ्या.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, पाणी मारत घासा, मास्क लावा, खरवड गोळा करा. मग लोखंड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर मारा. मुंबईच्या दमट हवेत उघडं लोखंड रात्रभरात तांबूस होतं, आणि त्या गंजावर मारलेला रंग पहिल्या पावसाळ्यातच सुटतो.