सातपुड्यात काम करायला येणाऱ्यांसाठी: आधी खोडवा ओळखा

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून जळगावहून नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात जंगल वाढवण्याच्या कामावर रुजू झाले, तेव्हा माझ्या डोक्यात खड्डे आणि रोपांचाच हिशेब होता. पहिल्या पावसाळ्यात पाड्यावरच्या उघड्या टेकडीवर आम्ही शिवण, सीताफळ, बांबू लावले. पुढच्या मे महिन्यात बहुतेक रोपं वाळून गेली होती. मला रडूच आलं.

त्याच टेकडीवर पावरा या आदिवासी समाजातल्या एका आजींनी मला खाली बसवलं आणि विळ्याच्या टोकानं माती उकरली. मी ज्याला झुडूप समजत होते ते धावड्याचं तुटकं खोड होतं. वर शेळ्यांनी खुडलेले बोटभर फुटवे, खाली मनगटाएवढं जिवंत मूळ. "हे दर साली फुटतं, दर साली शेळी खाते," आजी म्हणाल्या. पलीकडे टेंभुर्णी, साग, पळस, सगळ्यांची तीच गत होती.

मग आम्ही खोडवा, म्हणजे तुटक्या खोडाच्या जिवंत मुळातून येणारी ही फूट, राखायला लागलो. एका खोडावर जोमदार एक-दोन फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे. चराई कुठे बंद करायची ते पाड्यानं बैठकीत ठरवायचं. उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत-पाला साफ केलेला पट्टा, काढायची. जुन्या मुळाला वरून पाणी घालावं लागत नाही, म्हणून दोन पावसाळ्यांतच धावडा माझ्या डोक्यावर गेला.

सगळंच जुनं चांगलं, असंही मानू नका. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तोच वणवा कोवळे फुटवे खातो. हे आम्ही बैठकीत बोललो. बायकांनीच मार्ग काढला: पाला झाडून बाजूला ओढायचा, पेटवायचा नाही.

नोकरी शोधण्याआधी साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहून या. चैत्राम पवारांच्या पुढाकारानं 1990 च्या दशकापासून गावानं सुमारे 445 हेक्टर जंगल राखलं आहे. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या लोकांना झाडांपेक्षा गावाच्या नियमांबद्दल जास्त विचारा. 2006 चा वनहक्क कायदाही नीट वाचा. सामूहिक वनहक्कामुळे जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. हे माहीत नसेल तर तुम्ही भलत्याच दारात परवानगी मागत बसाल.

एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. औषधी वनस्पतींची माहिती ग्रामसभेला विचारल्याशिवाय लिहून बाहेर नेऊ नका. नोंदवहीची एक प्रत पाड्यावर राहू द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात. थोडी पावरी शिका. निदान झाडांची नावं तरी त्यांच्या भाषेत घ्या.

सुरुवातीला पगार बेताचाच असतो आणि घाटात मोटारसायकल चालवता यावी लागते. यायचंच तर मार्चअखेर या, मोहाच्या हंगामात. उजाडायच्या आत टोपली घेऊन निघायची तयारी ठेवा.