गिटारचा सिग्नल वळवणारे पेडल कसे निवडावे

शेतात पाण्याची पाळी आली की दारे धरणारा माणूस पाटाचे पाणी एका वाफ्यातून मोडून दुसऱ्यात सोडतो. मोटार तीच, पाणीही तेच, वाट मात्र बदलते. इलेक्ट्रिक गिटारच्या जोडणीत हेच काम स्विचिंग पेडल करते. डिस्टॉर्शन किंवा डिले यांच्याप्रमाणे ते आवाजाला नवा रंग देत नसल्यामुळे खरेदी करताना त्याचा फारसा विचार होत नाही, आणि मग ऐन कार्यक्रमात घरघर, टकटक किंवा बसलेला आवाज पदरी पडतो. लातूर, नांदेड, परभणीकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, गणेशोत्सवाच्या मंचावर किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात वाजवणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

प्रथम वाट कागदावर काढावी

गिटार, पेडल, अ‍ॅम्प आणि मिक्सर यांचे चौकोन काढून ते रेघांनी जोडावेत. मग दोन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. सिग्नल एकाकडून दोघांकडे जाणार आहे की दोघांकडून एकाकडे येणार आहे? आणि दोन्ही वाटा कधी एकाच वेळी चालू ठेवायच्या आहेत का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर साधी एबी पेटी, म्हणजे सिग्नल ए किंवा बी यांपैकी एकाच वाटेला सोडणारी पेटी, पुरते. हिच्यात पायाने दाबायचा एक स्विच आणि तीन जॅक एवढेच सामान असते, आणि वीज लागलीच तर ती केवळ दिव्यासाठी लागते. वीज गेली तर दिवा विझतो, पण सिग्नल जातच राहतो, ही आपल्याकडच्या मंचावर मोठी सोय आहे. सोल्डरिंग येणारा रेडिओ मेकॅनिकही अशी पेटी सहज बनवून देऊ शकतो. नऊ पायांचा थ्रीपीडीटी स्विच (एका दाबात तीन जोडण्या बदलणारा) मागवला की सिग्नल आणि दिवा दोन्ही एकाच स्विचवर बसतात.

उत्तर ‘हो’ असेल, म्हणजे दोन अ‍ॅम्प एकदम वाजवायचे असतील किंवा एक वाट मंचावरच्या अ‍ॅम्पकडे आणि दुसरी मिक्सरकडे न्यायची असेल, तर एबीवाय प्रकार, म्हणजे ए, बी किंवा दोन्ही वाटा उघडणारी पेटी, घ्यावा लागतो. खरी कटकट याच ‘दोन्ही’ मध्ये आहे.

दोन्ही वाटा उघडल्यावर काय होते

साध्या गिटारच्या पिकअपमधून (तारांच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागातून) येणारा सिग्नल अशक्त असतो आणि लांब केबल त्यातील वरचे स्वर खाते. केबलच्या दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड इतकी धारिता (वीज साठवून धरण्याची क्षमता) असते, आणि तीच हे स्वर खाते. गिटारपासून पेटीपर्यंत 6 मीटर आणि पेटीपासून मिक्सरपर्यंत 10 मीटर केबल टाकली, तर 1,600 पिकोफॅरडचा भार पिकअपवर पडतो. वाटा फुटल्यावर दुसऱ्या अ‍ॅम्पच्या केबलचा भार त्यात मिळतो, शिवाय दोन्ही अ‍ॅम्पची इनपुट रोधिता प्रत्येकी 1 मेगाओहम असेल तर दोन्ही मिळून ती 500 किलोओहमवर येते, म्हणजे भार आणखी वाढतो. म्हणून केबल लांब असतील तर बफर असलेली, म्हणजे वीज लागणारी पेटी घ्यावी. बफर सिग्नलला बळ देतो आणि पुढची केबल कितीही असली तरी पिकअपला तिचा भार जाणवू देत नाही. अपवाद जुन्या धाटणीच्या फझ (आवाज फाटका करणाऱ्या) पेडलचा आहे: फझ फेससारख्या पेडलला थेट पिकअपच हवा असतो, त्यामुळे ते बफरच्या आधी ठेवावे.

उलट दिशेला, म्हणजे दोन गिटार एका अ‍ॅम्पला जोडताना, बफर नसलेल्या पेटीत दोन्ही एकदम चालू ठेवल्यास एका गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेताच दुसरीही गप्प होते, कारण पहिलीची नॉब दोघींचा सिग्नल जमिनीकडे (ग्राउंडच्या तारेकडे) सोडून देते. ऑर्केस्ट्रात एक इलेक्ट्रिक आणि एक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार घेऊन बसणाऱ्याला आणखी एक अडचण येते: दोघींच्या आवाजाची पातळी जुळत नाही. अशा वेळी प्रत्येक वाटेला वेगळी लेव्हल नॉब असलेले पेडल घ्यावे. बॉसचे एलएस-2 हे त्याचे परिचित उदाहरण आहे. त्यात दोन लूप (सिग्नल बाहेर नेऊन परत आणणाऱ्या वाटा), प्रत्येक लूपला स्वतंत्र लेव्हल नॉब आणि वाटा बदलण्याचे सहा प्रकार आहेत.

घरघर आणि अर्थिंग

या पायरीवर घाई करू नये. एका गणेशोत्सवात माझ्या अ‍ॅम्पची वायर मंचामागच्या बोर्डात होती आणि मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जनरेटरवर चालत होता. एबीवाय पेटीतून दोन्हीकडे सिग्नल देताच अशी घरघर सुरू झाली की निवेदकाने माईकवर ‘काय झालं’ म्हणून विचारले. गिटारच्या केबलने दोन वेगवेगळी अर्थिंग एकमेकांना जोडली गेली होती आणि त्या वेटोळ्यातून आपल्या 50 हर्ट्झ विजेची घरघर सिग्नलमध्ये शिरत होती. तिथल्या एका माणसाने यावर तोडगा म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला दिला. असे कधीही करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते, आणि अ‍ॅम्पमध्ये दोष निर्माण झाल्यास गिटारच्या तारांत वीज उतरू शकते.

योग्य उपाय म्हणजे एका आउटपुटवर ट्रान्सफॉर्मर असलेली पेटी. ट्रान्सफॉर्मर सिग्नल पुढे देतो, पण दोन्ही बाजूंचे अर्थिंग एकमेकांना मिळू देत नाही. रेडियलच्या बिगशॉट एबीवायमध्ये असा ट्रान्सफॉर्मर बी आउटपुटवर दिलेला आहे. ए बाजू थेटच राहू द्यावी, कारण गिटारला निदान एका वाटेने अर्थिंग मिळालेच पाहिजे. दुकानात मल्टीमीटर घेऊन जावे आणि त्याची बीपची सेटिंग वापरून ए व बी आउटपुटच्या जॅकच्या बाहेरील धातूला दोन टोके लावावीत. ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगची जोडणी तोडणारा स्विच) चालू केल्यावरही बीप वाजत असेल तर ती पेटी या कामाची नाही, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

त्याच पेटीवर फेज उलटवण्याचा स्विच असेल तर अधिक चांगले. काही अ‍ॅम्प सिग्नल उलटा करून बाहेर देतात; असा अ‍ॅम्प दुसऱ्या सरळ अ‍ॅम्पशेजारी वाजवल्यास खर्जाचे स्वर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. स्विच टाकून ज्या बाजूला खर्ज भरीव वाटेल ती बाजू ठेवावी.

पेडल जास्त असतील तर

तीन पेडलपर्यंत लूप स्विचरची गरज नाही. पाच-सहा पेडल असतील आणि कडव्यातून मुखड्यावर येताना दोन बंद करून दोन चालू करावी लागत असतील, तर मात्र पायांची तारांबळ उडते. लूप स्विचर प्रत्येक पेडलला स्वतःच्या वाटेवर ठेवतो आणि न वापरलेले पेडल पूर्णपणे बाजूला काढतो. बॉस ईएस-5 मध्ये असे पाच लूप आहेत आणि ईएस-8 मध्ये आठ. दोन्हींत ठरावीक जोड्या साठवून एका दाबात बोलावता येतात. अशी यंत्रे महाग असतात, त्यामुळे आपल्याला खरोखर किती जोड्या लागतात हे आधी मोजावे.

वीज, पाय आणि धूळ

बहुतेक गिटार पेडलना 9 व्होल्ट आणि मधली पिन ऋण असलेला अडॅप्टर लागतो. घरातल्या राउटरचा अडॅप्टर बहुधा 12 व्होल्टचा आणि मधली पिन धन असलेला असतो. पिन बसली म्हणून तो लावू नये, पेडल जळू शकते. तसेच वाटा बदलणाऱ्या पेटीला गिटारचीच शील्ड असलेली केबल वापरावी, स्पीकरची नको. आणि ही पेटी कधीही अ‍ॅम्प व स्पीकर यांच्या मध्ये जोडू नये. वाल्व्ह अ‍ॅम्प चालू असताना स्पीकर सुटला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो.

आपल्याकडे मंचावर मूर्ती किंवा प्रतिमा असेल तर चपला खालीच काढतात. अनवाणी पायाने कडक स्प्रिंगचा गोल स्विच रात्रभर दाबून पाहिल्यावर रुंद पट्टीचा किंवा मऊ दाबाचा स्विच का हवा हे कळते. उन्हाळ्यात धूळ जॅकमध्ये बसते आणि खरखर सुरू होते, म्हणून पत्र्याची बंद पेटी घ्यावी आणि कॉन्टॅक्ट क्लीनरची बाटली पिशवीत ठेवावी.

पेटी हाती आल्यावर

परतीची मुदत संपण्याआधी ती पेटी घरच्या मंद आवाजावर न तपासता एखाद्या तालमीत पूर्ण आवाजावर तपासावी. गेन वाढवून स्विच दहा-बारा वेळा दाबावा. पहिल्या एक-दोन दाबांना टक्क आवाज येऊ शकतो. त्यानंतरही येतच राहिला तर सिग्नलमध्ये डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) गळत आहे असे समजावे. ज्या जॅकवर ती गळती आहे तिथे सिग्नल आणि जमीन यांच्यामध्ये 1 मेगाओहमचा रोधक बसवल्यास ती अनेकदा थांबते. पण पेटी नवी असेल तर हा खटाटोप दुकानदारावर सोपवून ती बदलून घ्यावी.