जुन्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोकणच्या हवेत कशी जपावीत

मुंबईतल्या फोर्टच्या फूटपाथवरून, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून किंवा गावच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं जुनं पुस्तक रत्नागिरी-मालवणकडच्या घरात आलं की पहिला मार मुखपृष्ठाला बसतो. आतला मजकूर पुढच्या आवृत्तीत पुन्हा मिळेल, मुखपृष्ठ बहुधा मिळणार नाही, कारण नव्या आवृत्तीला चित्र नवं येतं. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेलं एखादं वेष्टन हाती लागलं असेल, तर ते जपणं ही आपली जबाबदारी आहे असं मी मानतो.

एक नियम सगळ्या कामांना लागू आहे: जे नंतर काढता येणार नाही, ते मुखपृष्ठावर करायचं नाही. लॅमिनेशन, चिकटणारा प्लास्टिकचा रोल, सेलोटेप हे तिन्ही म्हणूनच बाद. सेलोटेप काही वर्षांनी सुटते. तिचा डिंक मात्र कागदात मुरतो आणि त्याचा पिवळट-तपकिरी डाग कायमचा राहतो.

हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या धांदलीत, मिरगाच्या तोंडावर कव्हरं घालायला बसलात तर कागदात मुरलेला दमटपणाही आत कोंडला जाईल.

नवं आलेलं पुस्तक लगेच कपाटात ठेवू नका. आठ-पंधरा दिवस वेगळ्या खोक्यात ठेवून कसर, झुरळाची अंडी, वाळवीची माती दिसते का ते पाहा. कुबट वास येत असेल तर पडवीत, वाऱ्यावर पण सावलीत, पानं थोडी उलगडून उभं ठेवा. उन्हात वाळवू नका. वाळवणासाठी ऊन चांगलं, छापील रंगांसाठी नाही. लाल आणि पिवळा आधी उडतात.

मग साफसफाई. मऊ कोरड्या ब्रशने कण्याकडून कडेकडे धूळ झाडा. गुळगुळीत कागदावरचा मळ पांढऱ्या मऊ रबराने एकाच दिशेने, हलक्या हाताने निघतो. ओलं फडकं लावू नका. किमतीचं स्टिकर नखाने खरवडण्याऐवजी हेअर ड्रायरची कोमट हवा द्या आणि कोपऱ्यातून सावकाश सोलत या. चित्राचे पापुद्रे सुटताना दिसले तर तिथेच थांबा. स्टिकर राहिलं तरी चालेल. गंजलेल्या टाचण्या आणि यू-पिना मात्र काढाच. खाऱ्या हवेत गंज थांबत नाही, कागदाला भोक पडेपर्यंत तो खात जातो.

फाटलेली जागा आतल्या बाजूने सांधावी. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गार करून गाळून घ्या. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणून ती फेव्हिकॉलपेक्षा बरी. बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, घरात नको. पातळ जपानी टिश्यूची (लांब तंतूंच्या दुरुस्तीच्या कागदाची) पट्टी कापण्याऐवजी फाडून घ्या, म्हणजे कडेचे तंतू कागदात मिसळतात. खळ अगदी विरळ लावा. जाड थर म्हणजे कसरीला जेवण. वर-खाली बटरपेपर ठेवून रात्रभर वजनाखाली दाबा. उरलेली खळ टाकून द्या.

आता कव्हर. पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घ्या, साधारण 50 मायक्रॉनची. पीव्हीसी नको. नव्या रेनकोटसारखा वास येणारं मऊ प्लास्टिक हेच असतं, आणि काही वर्षांनी ते चिकट होऊन छपाईची शाई ओढून घेतं. खाकी कागद शाळेच्या पुस्तकांना ठीक, पण त्यातलं आम्ल मुखपृष्ठात उतरतं, शिवाय चित्रही झाकलं जातं.

फिल्मची उंची पुस्तकापेक्षा 8 सेंटिमीटर जास्त धरा. रुंदी म्हणजे दोन्ही पुठ्ठे, कणा आणि आत वळवायला दोन्हीकडे 8-8 सेंटिमीटर. वरची आणि खालची कड आत दुमडून पट्टा पुस्तकाच्या उंचीपेक्षा जेमतेम 2 मिलिमीटर मोठा करा. घडीवरून चमच्याची पाठ फिरवली की ती पक्की बसते. मग दोन्ही टोकं आत वळवून त्या दुमडीच्या खिशात पुठ्ठे सरकवा. डिंक नको, टेप नको. कव्हर ताणून बसवू नका. पुस्तक मिटल्यावर कण्याशी थोडी ढिलाई हवी, नाहीतर पुठ्ठे बाहेर वाकतात. कण्याच्या वर-खाली फट राहते, ती राहू द्या. आपल्याकडे हवा खेळणं धुळीपेक्षा महत्त्वाचं.

कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. पुस्तकं उभी आणि सैल लावा. स्वस्तातला आर्द्रतामापक आत ठेवा: आकडा 65-70 टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशीला मोकळं रान. जुलै-ऑगस्टमध्ये तो आकडा खाली आणणं घरगुती उपायांनी अवघडच. म्हणून सर्वांत मोलाची पुस्तकं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावीत, मात्र ती आधी थंडीत पूर्ण कोरडी झालेली असली पाहिजेत. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळीने बुरशी थांबत नाही, आणि कडुनिंबाचा ओला पाला मुखपृष्ठावर डाग पाडतो.

एवढं करूनही बुरा आलाच, तर ओला असताना पुसू नका, तो पसरतो. पुस्तक पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, तोंडाला मास्क लावा आणि घराबाहेर नेऊन ब्रशने झाडा. ती फिल्म फेकून द्या आणि नवी घालायला हिवाळ्यापर्यंत थांबा.