तीन बैठका, एकच प्रश्न: स्टॅटिस्टिक्सचं छोटं ऑनलाइन वर्कशॉप कसं घ्यावं

स्टॅटिस्टिक्स आणि आर (आकडेमोड आणि आलेखांसाठीची मोफत प्रोग्रॅमिंग भाषा) शिकवणारं छोटं वर्कशॉप घ्यायचं ठरलं की पहिला मोह होतो तो विषयांची लांबलचक यादी करायचा. सरासरीपासून रिग्रेशनपर्यंत सगळं सहा तासांत! तो मोह आवरा. मी ऐरोलीतून, घरूनच ही वर्कशॉप्स घेते. येणारे बहुतेक जण ठाणे आणि नवी मुंबईतले पीएचडी करणारे, नर्सिंगचे, फिजिओथेरपीचे पीजी विद्यार्थी. थीसिसची तारीख डोक्यावर आलेली असते. कच्च्या आकड्यांपासून उत्तरापर्यंतची वाट एकदा तरी स्वतःच्या हातांनी टाइप करत चालून गेले, की पुढचं ते स्वतः शोधतात. म्हणून दोन-दोन तासांच्या तीन बैठका ठेवा आणि प्रश्न एकच घ्या.

प्रश्न त्यांच्या रोजच्या जगण्यातला हवा. मी हा घेते: ठाणेकरांना कामावर पोचायला नवी मुंबईकरांपेक्षा जास्त वेळ लागतो का? पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी गूगल फॉर्म पाठवते. कुठे राहता, आणि घरातून निघाल्यापासून कामावर किंवा कॉलेजात पोचायला किती वेळ लागतो, एवढंच विचारायचं. दुसऱ्या उत्तराची चौकट मुद्दाम मोकळी ठेवा, त्यात फक्त आकडाच टाका असं बंधन घालू नका. मग उत्तरं येतात ती अशी: ‘४५ मिनिटं’, ‘पाऊण तास’, ‘सव्वा तास, घोडबंदर मोकळा असेल तर’, ‘२०-२५’. कुणी नुसतंच ‘२’ लिहितं, मग ते दोन तास असतात.

पहिली बैठक अख्खी या एका रकान्यावर खर्च करा. घाई करू नका, कारण थीसिसच्या डेटात नेमकं हेच होणार आहे. या रकान्याची सरासरी काढायला सांगितली की आर नकार देतं, आणि वर्गात पहिल्यांदा प्रश्न उठतो की आकडे तर दिसतायत, मग अडलं कुठे? ‘पाऊण तास’ आरला कळत नाही हे सगळ्यांना पटतं. पण देवनागरीत लिहिलेला नुसता ४५ सुद्धा आर आकडा मानत नाही, तिथे ‘एनए’ (म्हणजे माहिती उपलब्ध नाही) टाकून मोकळं होतं. पायथन (दुसरी एक प्रोग्रॅमिंग भाषा) मात्र तोच ४५ बिनतक्रार आकडा म्हणून घेतं. हे दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी दाखवा. आकडा आणि आकड्यासारखा दिसणारा मजकूर यांतला फरक त्यानंतर वेगळा समजवावा लागत नाही. एक सक्ती जरूर करा: मूळ फाईलला हात लावायचा नाही, प्रत्येक दुरुस्ती कोडमध्ये लिहायची. एक्सेलमध्ये हाताने बदललेल्या रकान्याचा माग नंतर लागत नाही. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशा जीनच्या (जनुकांच्या) नावांना एक्सेल तारखा समजायचं. शेवटी २०२० मध्ये मानवी जीनची नावं ठरवणाऱ्या समितीनं ती नावंच बदलली. एवढा मोठा त्रास जगभरच्या संशोधकांना झाला आहे, तेव्हा आपण जपून राहिलेलं बरं.

इन्स्टॉलेशन बैठकीच्या वेळेत करू नका. त्यासाठी आदल्या दिवशी तासभर वेगळा वेळ ठेवा, ज्यांचं अडेल ते येतील. आधी आर, मग आरस्टुडिओ (आरचा कोड लिहायचा प्रोग्रॅम), हा क्रम पाळायला सांगा. ज्यांचा लॅपटॉप ऑफिसचा आहे त्यांना पासवर्डअभावी काहीच बसवता येत नाही. त्यांना पॉझिट क्लाउड (ऑनलाइन आरस्टुडिओ) उघडून द्या, ब्राउझरमध्येच काम होतं. मोफत वापराला महिन्याची मर्यादा आहे, पण तीन बैठकांना पुरतं.

पडद्याचंही आधी ठरवा. एकाच लॅपटॉपवर झूम आणि आरस्टुडिओ दोन्ही उघडले की माणूस खिडक्या बदलण्यातच दमतो. झूम मोबाईलवर लावा, लॅपटॉप टायपिंगला मोकळा ठेवा, असं निमंत्रणातच लिहा. मोबाईलवर बघणारे असणार म्हणून तुमच्या आरस्टुडिओतला फॉन्ट किमान वीसचा करा आणि एका वेळी मोजक्याच ओळी दिसू द्या. वेळ मी रात्री साडेआठची ठेवते. सातला ठेवली तर अर्धा वर्ग लोकलमध्ये उभा असतो आणि लोकलमध्ये उभं राहून कोड लिहिता येत नाही.

शिकवताना कोड पेस्ट करू नका, टाइप करा आणि टाइप करताना बोला. ही पद्धत मी सॉफ्टवेअर कार्पेंट्रीकडून घेतली. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी संशोधकांना कॉम्प्युटरची कामं शिकवायला सुरू केलेला हा उपक्रम आहे. त्याचे धडे सगळ्यांना मोफत वापरता येतात, नक्की बघा. त्यांच्या प्रत्यक्ष वर्गात प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात, एक ‘झालं’ची, एक ‘अडलं’ची. झूमवर तेच काम हिरव्या बरोबरच्या खुणेनं आणि लाल फुलीनं होतं. सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत पुढची ओळ लिहायची नाही. फुली दिसली की तुमचा सोबती, म्हणजे मदतीला घेतलेला दुसरा जाणकार, त्या व्यक्तीला झूमच्या वेगळ्या ब्रेकआउट रूममध्ये घेऊन जाईल. आठ-दहा जणांमागे असा एक सोबती हवाच, एकट्यानं हे निभत नाही. आणि कोड व्हॉट्सअॅपवर किंवा वर्डमधून पाठवू नका. सरळ अवतरणचिन्हं तिथे वळणदार होऊ शकतात, आर ती ओळखत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं चूक आपलीच. साधी टेक्स्ट फाईल पाठवा.

दुसऱ्या बैठकीत चित्र आधी, आकडे मागून. समजा सात जणांची मिनिटं २०, २५, ३०, ३५, ४०, ५० आणि १५० अशी आहेत. सरासरी येते ५०, मीडियन म्हणजे शाळेतला मध्यक येतो ३५. सातांतले पाच जण सरासरीच्या आत आहेत, एकट्या १५० नं तिला वर ओढलं आहे. हिस्टोग्राम (किती जण कोणत्या टप्प्यात येतात हे दाखवणारा स्तंभांचा आलेख) काढला की हे न बोलता दिसतं. त्यानंतर आरमध्ये आधीपासून असलेला, अॅन्स्कोम्ब या स्टॅटिस्टिशियनचा १९७३चा डेटा उघडा. चार संच, प्रत्येकात अकरा बिंदू, सरासऱ्या आणि सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीनं बदलतात त्याचं माप) जवळजवळ तेच, सहसंबंध ०.८२ च्या आसपास. चित्रं काढली की चारही निराळे. इथे थांबा आणि लोकांना बोलू द्या.

तिसऱ्या बैठकीत ठाणेकर आणि नवी मुंबईकर समोरासमोर येतात. आरची टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना) काही वेगळं न सांगितल्यास वेल्चची असते, दोन्ही गटांचा पसारा (आकडे किती पांगलेत ते) सारखा आहे असं ती गृहीत धरत नाही. एसपीएसएस हे सॉफ्टवेअर वापरलेल्यांना तिथल्या तक्त्यातल्या दोन ओळी आठवतात. त्यांतली दुसरी, पसारा समान न मानणारी ओळ म्हणजे हीच, हे सांगा. उत्तर वाचताना मिनिटांतला फरक आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पल्ल्यात असावा असा अंदाज) आधी वाचायला लावा. पी-व्हॅल्यू (गटांत खरा फरक नसता, तर नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) शेवटी. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१६ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की गृहीतक खरं असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू सांगत नाही. तरी व्हायवाच्या तयारीत लोक नेमका तोच चुकीचा अर्थ पाठ करून येतात.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारा: हे उत्तर अख्ख्या ठाण्याबद्दल आहे का? गप्प राहा, कुणीतरी बोलेलच की आपण सगळे लॅपटॉपवाले, कॉलेजात जाणारे, रात्री साडेआठला मोकळे असणारे. पहाटे भाजी घेऊन वाशीच्या मार्केटला जाणारा यात नाही. नमुना म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं मला कुठल्याही व्याख्येतून शिकवता आलेलं नाही.

सर्टिफिकेट हजेरीवर देऊ नका. प्रत्येकानं आपला एक आलेख, त्याचा कोड आणि खाली मराठीत दोन वाक्यांचा निष्कर्ष पाठवायचा, मगच द्यायचं. मधल्या काळात सरावासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे आरचे छोटे धडे सुचवा. आणि आठवड्याभरानं एक तास फक्त स्वतःचा डेटा घेऊन येणाऱ्यांसाठी राखून ठेवा. डेटातली पेशंटची नावं आणि फोन नंबर काढूनच फाईल आणायची, हे त्या निमंत्रणात ठळक लिहा.