सकाळी सेल्फ फिरतो, पण डिझेल गाडी लवकर स्टार्ट होत नाही: माझा अनुभव

जुनी पिकअप, मेकॅनिकल पंपाची (इंजिनला डिझेल देणारा पंप, इलेक्ट्रॉनिक नसलेला). रात्री तुर्भ्याच्या उतारावर तोंड वर करून उभी केली, की सकाळी 15-20 सेकंद सेल्फ मारावा लागे. दिवसभर मात्र अर्ध्या चावीत चालू.

बॅटरी बदलली, चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे) तपासले, डिझेल फिल्टर नवा टाकला. फरक शून्य, खिसा हलका.

खरी खूण सायलेन्सरला होती. सेल्फ मारताना पांढरा धूर आला तर डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही: हीटर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघा. धूरच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. माझ्याकडे धूर नव्हता.

फिल्टर ते पंप यांमध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाईप जोडला. सकाळी त्यात बुडबुडे! मग टाकीकडची लाईन काढून फिल्टरला स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून पुरवठा दिला, कॅन खालीच ठेवून. दुसऱ्या सकाळी गाडी लगेच सुरू. म्हणजे दोष टाकी ते फिल्टर यांच्यातच.

टाकीजवळचा रबरी पाईप कडक होऊन क्लिपखाली चिरला होता. खाली थेंबही नाही, कारण ही बाजू ओढीची: डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते आणि रात्रीत डिझेल टाकीत उतरतं.

डिझेलचाच पाईप, दोन नव्या क्लिपा, बँजो बोल्टला (पाईप जोडणारा, मधून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) नवे तांब्याचे वॉशर. फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हँडपंप मारला आणि हँडपंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळला.